‘त्याला काही सांगू नका’

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ मध्ये ते सुरू झालं आणि आता मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात. या रुग्णालयाच्या नावातच आजाराचं नाव आहे. तरीही तिथे येणारी कितीतरी कुटुंबं सोबतच्या पेशंटला सांगतात की रक्तात इन्फेक्शन आहे, गाठ साधीच आहे, दोन-चार इंजेक्शनं घेतली की घरी. पेशंट म्हणजे लिहिता-वाचता न येणारी आजी असेल, तर हे एक वेळ खपून जातं. पण पेशंट दहावीतला मुलगा असेल तर? त्याला पाटी वाचता येते. शिवाय त्याच्या खिशात मोबाइल असतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कॅन्सर झाला तर ते त्याला सांगावं का? सांगायचं तर कुणी आणि किती? वरवर हा डॉक्टरांनी सोडवायचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या मुळाशी वेगळाच प्रश्न आहे. एखाद्याच्याच आयुष्याची बातमी त्याच्यापासून लपवण्याचा हक्क, आपलं त्याच्यावर प्रेम आहे एवढ्यावर आपल्याला मिळतो का?

माझ्या मावसभावाला दहावीचं वर्ष चालू असताना रक्ताचा कॅन्सर झाला. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे फाईलवर लिहितात ते ‘ए.एल.एल.’ त्याच्या परवानगीने हे लिहितो आहे. नाव तेवढं टाळलंय. गणपतीच्या आधी निदान झालं. त्या रात्री घरातली मोठी माणसं बसली आणि मोठ्या काकांनी निर्णय दिला, “पोराला काही सांगायचं नाही. इन्फेक्शन आहे म्हणायचं. नाहीतर खचून जाईल.” मला हे फोनवर कळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी कुटुंबाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. त्यात रिपोर्ट येत, पैशांचे हिशेब येत, कुणी कधी दवाखान्यात थांबायचं ते ठरे. सतरा जण होते त्या ग्रुपवर. ज्याच्यासाठी ग्रुप काढला होता, तो मात्र त्यात नव्हता.

काकांना यात दोषी ठरवणं सोपं आहे. पण त्यांची बाजू दुबळी नाही. त्यांच्या पिढीने ‘कॅन्सर’ हा शब्द मरणाच्या बातमीसोबतच ऐकला आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या आजाराची दहातली एक-दोन मुलंसुद्धा पाच वर्षं जगत नसत. आज श्रीमंत देशांत लहान मुलांमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पौगंडावस्थेतल्या मुलांमध्ये ते थोडं कमी, पण तरीही मोठं. काकांच्या मनातला कॅन्सर मात्र जुनाच आहे, आणि त्या जुन्या कॅन्सरचं नाव मुलाला सांगणं म्हणजे त्याला शिक्षा सुनावणंच. त्यात लोकांचीही भीती होती. धाकट्या बहिणीचं लग्न पुढे कधीतरी व्हायचं आहे, ‘यांच्या घरात कॅन्सर आहे’ असं कुणी म्हणायला नको. आणखी एक कारण असावं, जे कुणी बोललं नाही. मुलाला सांगायचं तर ते वाक्य स्वतःच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकावं लागतं. ते आईबापाला जमत नाही, आणि त्यासाठी त्यांना भेकड म्हणायची माझी तयारी नाही.

तरीही हे खोटं चुकीचं होतं असं मला वाटतं. ‘नेहमी खरं बोलावं’ या सुविचारासाठी नव्हे. माझी कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण उपचारांतच आहे. ‘पेशंटला सांगू नका’ ही रीत ज्या काळात पडली, तेव्हा पेशंटने फारसं काही करायचं नसायचं. थोडे दिवस असत, ते शांततेत जावेत एवढीच अपेक्षा. ए.एल.एल.चे उपचार आज दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने जोरदार केमो, पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी इंजेक्शनं, केस जाणं, तोंड येणं, पेशी कमी होणं. नंतर दीर्घ काळ रोज घ्यायच्या गोळ्या. हे सगळं पेशंटच्या मदतीशिवाय होत नाही. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांवर अभ्यास केला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. ९५ टक्के म्हणजे किती, याचा हिशेब करून बघा. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी आपण त्या रेषेच्या खाली जातो. आणि गोळ्या चुकवण्याचं प्रमाण बारा वर्षांच्या पुढच्या मुलांमध्ये जास्त होतं. सगळं ठीक वाटत असताना, केस परत आलेले असताना, ‘इन्फेक्शन’साठी दोन वर्षं रोज रात्री गोळी कोण घेईल?

आमच्या घरात गोष्ट गोळ्यांपर्यंत जायच्या आधीच बिनसली. पहिले दोन महिने उपचार मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात झाले. पुढचे केमो इथे संभाजीनगरात सुरू झाले. दिवाळीच्या दोन दिवस आधी त्याला रात्री ताप भरला. त्याने कुणाला उठवलं नाही. घरातली तापाची गोळी घेतली आणि पांघरूण ओढून झोपला. केमोने पेशी उतरलेल्या असताना ताप येणं ही आणीबाणी असते. अंगात जंतूंशी लढायला काही उरलेलं नसतं, आणि तेव्हा एकेक तास महत्त्वाचा असतो. सकाळी तो थंडीने कुडकुडत होता. ॲडमिट केलं, आठ दिवस अँटिबायोटिक्स चालली. पुढे तो मला म्हणाला, “ॲडमिट झालो असतो तर सगळ्यांची दिवाळी गेली असती ना.”

यातली खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण, अशी की आपल्याला काय झालंय हे त्याला तेव्हा माहीत होतं. परळला असतानाच त्याने फाईलच्या पानाचा फोटो काढला होता. रात्री वडिलांना झोप लागली की मोबाइलचा उजेड कमी करून तो एकेक शब्द शोधायचा. त्यात त्याला ९० टक्के दिसले, आणि आजार उलटून गेलेल्या परक्या मुलांच्या गोष्टीही दिसल्या. दोन्हींचं काय करायचं ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. सकाळी तो सर्च हिस्टरी पुसून टाकायचा, मम्मीने चुकून फोन घेतला तर तिला कळू नये म्हणून. म्हणजे मावशी त्याच्यापासून लपवत होती आणि तो मावशीपासून. आजाराचं नाव त्याला कळलं होतं, पण आजाराचे नियम कळले नव्हते. ताप आला तर काय करायचं हे विचारायला गेलं की आपल्याला कळलंय हे उघड होणार. म्हणून त्याने विचारलंच नाही.

हे आमच्याच घरचं नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या मुलांसोबत बराच काळ घालवला. मुलं तीन ते नऊ वर्षांची होती. तेव्हा मुलांना सांगायचं नाही हीच तिथलीही पद्धत होती. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने दाखवून दिलं की मुलांना सगळं कळत होतं. शेजारच्या खाटेवरचा मुलगा कुठे गेला, आई बाहेर जाऊन का रडते, डॉक्टर आता गप्पा का मारत नाहीत, यावरून ती समजून घेत होती. आणि समजल्यावर ती गप्प राहत होती, कारण आपण बोललो तर मोठी माणसं खोलीबाहेर जातात हे त्यांनी पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना माहीत आहे आणि दोन्ही बाजू माहीत नसल्याचं दाखवतात, असं ते नाटक. ते मूल चालवतं, कारण त्याला आईबापांना सांभाळायचं असतं.

माझं दुसरं कारण इथे येतं. आपण म्हणतो की हे ओझं मुलावर नको, आपण उचलू. प्रत्यक्षात ओझं हलतच नाही. मुलाकडे त्याचं स्वतःचं ओझं राहतं, वर आईबापांना काही कळू न देण्याचं कामही येतं. सहा वर्षांच्या मुलाचं असं होत असेल, तर मोबाइल हातात असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचं काय? त्याला कळणार की नाही, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. तो कळेल तेव्हा एकटा असेल की कुणीतरी शेजारी असेल, एवढंच आपल्या हातात आहे.

मराठी माणसाने हा प्रश्न पडद्यावर पाहिलेला आहे. २००४ मध्ये आलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आठवा. कोकणातल्या लहानग्या परशुरामला डोळ्यांचा कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. ऑपरेशनआधी हे पोराला सांगितलंच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. आणि आजोबांना ते शब्द सापडत नाहीत. तो सिनेमा पाहताना आपण आजोबांच्या बाजूने रडतो. पण डॉक्टरांच्या आग्रहात मला मोठा आदर दिसतो. हे डोळे याचे आहेत, ते जाण्याआधी याला कळलं पाहिजे, असं एका छोट्या मुलाबद्दल कुणीतरी ठामपणे म्हणतं. शुद्धीवर आल्यावर अचानक अंधार, हे त्याच्या वाट्याला येऊ नये. ज्याचं काही जाणार आहे, त्याला ते जाण्याआधी निरोप घेऊ द्यायला हवा.

कायदा या बाबतीत फारशी मदत करत नाही. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचारांसाठी आईवडिलांची सही घेतात. पण एक विसंगती पाहा. ‘आयसीएमआर’च्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला वैद्यकीय संशोधनात सामील करायचं असेल, तर पालकांच्या संमतीसोबत त्या मुलाचीही लेखी अनुमती घ्यावी लागते. म्हणजे नव्या औषधाच्या प्रयोगासाठी त्याला विचारायचं, आणि रोजच्या केमोसाठी विचारलं नाही तरी चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात, ज्याला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत त्याच्या वयाला आणि समजेला धरून विचारात घेतलं जावं. मत द्यायचं तर आधी गोष्ट माहीत हवी.

इथे कुणी म्हणेल, मग काय सगळं त्याच्यावरच सोडायचं? तो ‘नको’ म्हणाला तर? हा प्रश्न खरा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात सतरा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिला हॉजकिन लिम्फोमा होता, केमोने बरं होण्याची शक्यता मोठी होती, तिला सगळं माहीत होतं आणि तिने केमो नाकारला. आई तिच्या बाजूने होती. न्यायालयाने मुलीचं म्हणणं मानलं नाही, आणि तिच्या इच्छेविरुद्ध उपचार झाले. आपल्याकडे मुलाला सांगत नाहीत, तिथे सांगून ऐकलं नाही. न्यायालय चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण जीव वाचण्याची शक्यता इतकी मोठी असताना सतराव्या वर्षीचा नकार अंतिम मानावा का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण नकाराच्या पोटात काय आहे ते तरी आपण ऐकायला हवं. आमच्या घरात तो नकार आलाच.

दिवाळीनंतर तो दवाखान्यातून घरी आला. मावशी स्वतःला कोसत होती, रात्री आपल्याला जाग कशी आली नाही म्हणून. तिची ती अवस्था पाहून तो एका दुपारी म्हणाला, “मम्मी, मला जे व्हिन्क्रिस्टिन देतात ना, ते आपल्या दारातल्या सदाफुलीपासून काढतात. माहितीये का तुला?” हे खरं आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यात सापडलेलं हे औषध १९६०च्या दशकापासून ल्युकेमियावर वापरलं जातं. (तिची पानं चावून खाण्याचा सल्ला देणारे शेजारी सगळीकडे असतात. कच्ची सदाफुली विषारी आहे, आणि केमोच्या जागी ती चालत नाही.) मावशीला व्हिन्क्रिस्टिन हा शब्द उच्चारता येत नव्हता, पण मुलगा काय सांगतोय ते तिला कळलं. ती म्हणाली, “कधीपासून माहीत आहे रे तुला?” तिथून पुढे आमच्या घरात ‘कॅन्सर’ हा शब्द मोठ्याने बोलला जाऊ लागला.

आणि मग आठवड्याभरात तो म्हणाला, “आता पुरे करा. मला नाही घ्यायचं.”

घर हादरलं. मोठे काका म्हणाले, “बघा, म्हणून सांगायचं नव्हतं.” पण त्याच्या वडिलांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते वाळूजला कंपनीत कंत्राटी कामावर आहेत, फार बोलणारे नाहीत. त्याच्याजवळ बसून त्यांनी विचारलं, “त्रास होतो म्हणून नको, का पैशासाठी नको?” बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “गावाकडचं वावर विकलं ना तुम्ही?”

आजारानंतर घर सगळ्यात जास्त लपवतं ते पैसे. सरकारी योजना आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बरेच उपचार होतात. उपचारासाठी जाताना कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे टाटाचे पेशंट राहतात. लहान मुलं आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं २००६ पासून चालतात. या सगळ्यांमुळे हजारो घरं तगतात. पण बुडालेल्या पाळ्यांची मजुरी, मुंबईतलं रोजचं जेवण, योजनेत न बसणारी औषधं, मावशीकडे ठेवलेल्या धाकट्या बहिणीची फी, हे कुठल्या योजनेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. त्याच्या कारणांमध्ये उशिरा होणाऱ्या निदानासोबत उपचार अर्ध्यात सोडणं हेही एक कारण आहे. कधी ते बाप सोडतो. कधी, मला वाटतं, मुलगाच मनातून सोडतो, बापाकडे बघून.

म्हणून माझं म्हणणं असं. कर्जाच्या भीतीतून आलेला नकार हा त्या मुलाचा स्वतंत्र निर्णय नसतो. आणि ‘इन्फेक्शन’ या शब्दावर मिळवलेला होकारही स्वतंत्र नसतो. सोळाव्या वर्षी त्याच्या हातात शेवटचा निर्णय द्यावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण तो ‘नको’ म्हणतो तेव्हा ते कशामुळे, हे समजून घ्यायचं तर घरात खरं बोलावंच लागतं. वडिलांनी त्या रात्री त्याला सगळा हिशेब सांगितला. किती आले, किती गेले, किती उरले. आणि म्हणाले, “वावर माझं होतं. मी ठरवलं. त्याचा भार तू घेऊ नको. तुझं काम गोळी घ्यायचं आणि ताप आला की मला उठवायचं.” त्याने दुसऱ्या दिवशी केमो घेतला.

याचा अर्थ सगळं एकदम तोंडावर फेकावं असा नाही. काही मुलांना आकडे नको असतात. तोही त्यांचा हक्क आहे. डॉक्टरांनी इंग्रजीत भराभर टक्केवारी सांगून कागद पुढे करणं, यालाही मी खरं सांगणं म्हणणार नाही. सुरुवात उलट बाजूने करता येते. ‘तुला काय काय माहीत आहे?’ असं आधी विचारायचं, आणि मग ‘अजून किती ऐकायचं आहे?’ उत्तर येईल तेवढंच सांगायचं, पण जेवढं सांगू तेवढं खरं असावं. ‘बरा होशीलच’ हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून ते खरं नाही. ‘बरा होण्याची चांगली शक्यता आहे, आणि काहीही झालं तरी आम्ही आहोत’ हे खरं आहे. यातला दुसरा भाग तर पूर्णपणे आपल्याच हातात असतो.

त्याचं मेंटेनन्स सध्या चालू आहे. रोज रात्री गोळी, ठरल्या दिवशी रक्ततपासणी. पुढे काय होईल ते आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही, आणि आता त्यालाही माहीत आहे की आम्हाला माहीत नाही. दहावी एक वर्ष उशिरा दिली. व्हॉट्सॲप ग्रुपवर आता अठरा जण आहेत. रिपोर्ट तोच टाकतो, आणि मोठ्या काकांना आकड्यांचा अर्थही तोच समजावून सांगतो.